देश नको, एक वस्तू द्या: जगातील संस्कृतींचा प्रकल्प आणि वर्गातील साधने

एका माध्यमिक शाळेतील इतिहास-भूगोलाच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा आहे. आठवीच्या बावन्न मुलांकडून जगातील संस्कृतींवर प्रकल्प करून घ्यायचा आहे. हाताशी एक प्रोजेक्टर, संगणक कक्षातील नऊ चालू संगणक आणि भरवशाचे नसलेले इंटरनेट आहे. गेल्या वर्षी प्रत्येक गटाला एकेक देश वाटून दिला, तेव्हा मुलांनी विकिपीडियावरील मजकूर जसाच्या तसा उतरवला, ध्वज, चलन, राष्ट्रीय प्राणी आणि खाद्यपदार्थ यांच्या स्लाइड केल्या आणि पडद्याकडे तोंड करून त्या वाचून दाखवल्या. या वर्षी हीच साधने अधिक उपयोगी पडावीत यासाठी काय करावे?

मी सांगली जिल्ह्यातील एका शाळेत चोवीस वर्षे हेच दोन विषय शिकवत आहे, आणि आपण वर्णन केलेला प्रकल्प मी स्वतः किमान सहा वेळा, अगदी तसाच, करून घेतलेला आहे. एका वर्षी केनियावरील गटाने फार मेहनतीने वीस स्लाइड केल्या. त्यांतील चौदा स्लाइडवर लाल वस्त्रांतील, उंच उडी मारणारे मसाई तरुण होते. नैरोबीतील तुमच्या वयाचा मुलगा सकाळी शाळेत कसा जात असेल, असे मी विचारले, तेव्हा चौघेही गप्प राहिले. केनियात चाळिसांहून अधिक समाज राहतात आणि मसाई हा त्यांतील एक आहे, ही गोष्ट त्या मुलांपर्यंत पोहोचलीच नव्हती. दोष मुलांचा नव्हता आणि संगणकाचाही नव्हता. 'केनियाची संस्कृती शोधा' एवढेच सांगितले की शोधयंत्र सर्वांत जास्त पाहिली गेलेली छायाचित्रे पुढे करते, आणि ती बहुधा पर्यटकांनी पर्यटकांसाठी काढलेली असतात. एवढा मोठा विषय हाती आल्यावर उतरवून काढण्यावाचून तेरा वर्षांच्या मुलाला दुसरा मार्ग उरत नाही.

म्हणून माझे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सांगणे असे की गटाला देश देऊ नका, एक वस्तू द्या. वस्तूऐवजी एखादी कृती, एखादा पदार्थ किंवा एखादे घरही चालेल, पण ते एकच असावे आणि त्याचे छायाचित्र समोर ठेवता यावे. त्या एका वस्तूबद्दल पाच प्रश्न विचारायचे: ही कशाची केली आहे, कोणी केली, कशासाठी केली, आज कोठे आहे, आणि तेथे कशी पोहोचली. या पाच प्रश्नांची एकत्र उत्तरे कोणत्याही एका पानावर तयार सापडत नाहीत, त्यामुळे उतरवणे आपोआप कमी होते. शिवाय शेवटच्या दोन प्रश्नांमुळे मूल व्यापार, राज्ये, युद्धे आणि स्थलांतर यांच्याकडे वळते, म्हणजेच आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते.

हे शक्य होण्याचे कारण म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या संग्रहालयांनी आपल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास छायाचित्रे कोणत्याही अटीविना वापरण्यास दिली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमांबाबत तसेच केले. ही छायाचित्रे मोठ्या आकाराची असतात, आणि प्रोजेक्टरवर ती मोठी करत नेली की हातोडीच्या खुणा, शिवणीचे टाके आणि घासून गुळगुळीत झालेल्या कडा दिसू लागतात. पाठ्यपुस्तकातील काडेपेटीएवढ्या चित्रात ही सोय नाही. वर्गातील प्रोजेक्टरचा याहून चांगला उपयोग मला अद्याप सापडलेला नाही.

मात्र मुलांना थेट परदेशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सोडू नये. संग्रहालयाची नोंद वाचणे हे एक कसब आहे आणि ते ओळखीच्या वस्तूवर शिकवावे. मी त्यासाठी वाघनखे घेतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये ठरावीक मुदतीसाठी साताऱ्यात आली, तेव्हा आमच्या शाळेतील अनेक मुले ती पाहून आली होती. त्या संग्रहालयाची नोंद पडद्यावर लावून मी मुलांना ती वाक्यागणिक वाचायला लावतो. वस्तू साताऱ्यातील ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून आली, असे नोंद सांगते. तिच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे, हेही सांगते. आणि अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच का, याची खातरजमा करता येत नाही, असेही तीच नोंद म्हणते. वर्गात या ठिकाणी नेहमी कुजबुज होते, आणि ती होऊ द्यावी. वस्तूवर लिहिलेले, देणाऱ्याने सांगितलेले आणि अभ्यासकाला सिद्ध करता आलेले ही तीन निरनिराळी विधाने आहेत, हे मुलांना एका तासात समजते. महाराजांविषयीच्या आदराला यामुळे कोणतीही बाधा येत नाही. उलट ज्या विषयावर मुलांचे प्रेम आहे तेथे त्यांनी ही शिस्त शिकली, की परक्या विषयात ती लावणे त्यांना जड जात नाही.

यानंतर मी बेनिनच्या पितळी फलकांकडे येतो, आणि या उदाहरणावर थोडा अधिक वेळ घेतो, कारण साधनांचे जवळजवळ सर्व गुणदोष येथे एकत्र पाहता येतात. आजच्या नायजेरियातील बेनिन सिटी ही एका जुन्या राज्याची राजधानी. तेथील राजाला 'ओबा' म्हणतात. त्याच्या राजवाड्यासाठी ओतकाम करणाऱ्या कारागिरांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत शेकडो फलक घडवले. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने शहर जिंकून राजवाडा लुटला आणि हजारो वस्तू युरोपात गेल्या. मुलांनी नुसते 'बेनिन' टाकून शोध घेतला की पहिली अडचण येते, कारण बेनिन नावाचा एक वेगळा देश नायजेरियाच्या शेजारी आहे, ज्याला १९७५ पर्यंत दाहोमी म्हणत. दरवर्षी निदान एक गट त्या देशाचा ध्वज घेऊन येतो. मी त्यांना आधी सावध करत नाही. नकाशावर दोन्ही ठिकाणे शोधायला सांगतो, आणि आपण चुकीच्या जागी गेलो होतो हे त्यांना स्वतःच कळते. शोधशब्द नेमका का असावा, हे सांगण्याची मग गरज उरत नाही.

ब्रिटिश म्युझियममधील या फलकांच्या नोंदणी क्रमांकात १८९८ हे साल दडलेले आहे. क्रमांकातील ते चार आकडे शोधून काढायला सांगितले की मुले हल्ल्याचे साल आणि नोंदणीचे साल शेजारी ठेवतात, आणि वस्तू तेथे कशी पोहोचली या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी न सांगता मिळते. त्यानंतर 'डिजिटल बेनिन' हे संकेतस्थळ उघडावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या या संकेतस्थळावर २० देशांतील १३१ संस्थांत विखुरलेल्या पाच हजारांहून अधिक वस्तू एकत्र पाहता येतात. वस्तूंची एडो या बेनिन सिटीच्या स्थानिक भाषेतील नावे तेथे दिली आहेत, आणि बेनिनमधील जाणकारांनी सांगितलेली मौखिक माहितीही ऐकता येते. एकाच प्रकारच्या वस्तूबद्दल लंडनची नोंद काय सांगते आणि एडो भाषक माणूस काय सांगतो, हे दोन रकान्यांत लिहायला लावा. माझ्या अनुभवात संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत चांगले लेखन या दोन रकान्यांतून येते.

येथेच भाषेची अडचण उभी राहते. नोंदी इंग्रजीत, आणि आपली मुले मराठी माध्यमाची. यंत्र-अनुवाद वापरू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो नाकारला तर अर्धा वर्ग शोधातून बाहेर फेकला जातो. परंतु अनुवाद तपासण्याची सवय त्याच वेळी लावावी लागते. एका गटाने मला ओबाच्या 'न्यायालयातील' शिंग फुंकणाऱ्याचे वर्णन आणून दाखवले. मूळ शब्द 'कोर्ट' होता आणि तेथे अर्थ होता दरबार. तेव्हापासून माझ्या वर्गात एक वही ठेवलेली आहे, जिच्यात यंत्राने चुकवलेले शब्द, मूळ शब्द आणि योग्य मराठी शब्द मुले लिहून ठेवतात. पुढच्या वर्षीची मुले ती वही आवडीने वाचतात. विषयाची पार्श्वभूमी मराठीतून मिळावी म्हणून मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ उत्तम आहे. तेथील भाषा मुलांना थोडी कठीण वाटते, म्हणून पहिला परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचून घ्यावा. त्यातील अनेक नोंदी काही दशकांपूर्वी लिहिल्या गेल्या आहेत, याची आठवण मात्र द्यावी.

माहिती कोणत्या काळातील आहे हा मुद्दा मुलांच्या मनात पक्का बसवण्यासाठी मी इग्लूचे उदाहरण वापरतो. 'एस्किमो बर्फाच्या घरात राहतात' हे वाक्य आपल्या पिढीने पाठ केले आणि आजही मुले ते कोठून तरी ऐकून येतात. कॅनडाच्या उत्तरेस नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी स्थापन झाला. इकालुइत ही त्याची राजधानी. तेथील रस्त्यांची चित्रे गूगलच्या नकाशात पाहता येतात. प्रोजेक्टरवर त्या रस्त्यात उतरावे आणि काहीही न बोलता दहा मिनिटे मुलांना पाहू द्यावे. रंगीत भिंतींची घरे दिसतात, आणि ती जमिनीपासून उचलून खांबांवर उभी केलेली असतात. खांब कशासाठी, असे मुले विचारतात. तेथील जमीन वर्षभर खोलवर गोठलेली असते, आणि घराच्या उबेने ती वितळली तर घर खचेल, हे उत्तर शोधायला त्यांना भूगोलाचे पुस्तक पुरते. मग कोणाला तरी रस्त्यावरची 'थांबा' ही पाटी दिसते आणि तिच्यावर इंग्रजीखेरीज त्रिकोण व आकड्यांसारखी दिसणारी एक अनोळखी लिपी असते. ती इनुक्तितुत भाषेची. त्या भाषेत 'इग्लू' या शब्दाचा अर्थ नुसता 'घर' असा आहे, मग ते बर्फाचे असो वा लाकडाचे. बर्फाचे घुमटाकार घर मुख्यतः शिकारीच्या आणि प्रवासाच्या दिवसांतला निवारा होते. हे लोक स्वतःला 'इनुइट' म्हणवतात, म्हणजे माणसे. एकटा माणूस असेल तर 'इनुक'. 'एस्किमो' हे इतरांनी दिलेले नाव त्यांच्यापैकी अनेकांना आवडत नाही. एका पाटीपासून सुरू झालेला हा तास मुलांच्या फार दिवस लक्षात राहतो.

संस्कृती म्हणजे सणाचा पोशाख आणि नृत्य, ही समजूत दूर करण्यासाठी 'डॉलर स्ट्रीट' या संकेतस्थळाचा उपयोग करावा. स्वीडनच्या गॅपमाइंडर संस्थेच्या या उपक्रमात जगभरातील कुटुंबांच्या घरांतील नित्याच्या वस्तूंची छायाचित्रे आहेत: चूल, अंथरूण, दात घासण्याचे साधन, पायताण, पाणी साठवण्याची भांडी. ती देशानुसार पाहता येतात, पण मुळात त्यांची मांडणी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार केलेली आहे. एका वस्तूची छायाचित्रे क्रमाने पाहिली की मुलांच्या लक्षात येते की चुलीतील फरक पुष्कळदा देशापेक्षा मिळकतीवर अवलंबून असतो, आणि आपल्या आजीची चूल व दूरच्या खंडातील एखादी चूल सख्ख्या बहिणी शोभतील. 'त्यांची संस्कृती मागासलेली' अशी वाक्ये मुलांच्या तोंडून पूर्वी कधी कधी ऐकू येत. या एका तासानंतर ती जवळजवळ थांबली.

कृती किंवा पदार्थ निवडणाऱ्या गटांसाठी युनेस्कोची अमूर्त सांस्कृतिक वारशाची यादी सोयीची आहे. प्रत्येक नोंदीसोबत छायाचित्रे आणि बहुतेक वेळा एक छोटी चित्रफीत असते, आणि तिच्यात ती कला जपणारी माणसे स्वतः बोलताना दिसतात. आमच्याकडील मुलींच्या एका गटाने अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान यांची २०१६ मध्ये एकत्रित नोंदली गेलेली पातळ रोटीची परंपरा निवडली होती. चित्रफितीत तीन बायका मिळून रोटी लाटतात, भाजतात आणि गप्पा मारतात, हे पाहून त्या मुलींनी घरी जाऊन आजीला पुरणाचे मांडे कसे करतात ते विचारले आणि दोन्ही कृतींची हातांची कामे शेजारी शेजारी लिहिली. तुलना मी अशीच करू देतो. 'त्यांचे आणि आपले सारखेच' असे म्हणून मात्र थांबू देत नाही, कोठे वेगळे आहे तेही लिहावेच लागते.

प्रत्येक कृती सादर करून दाखवण्यासाठी नसते, हेही मुलांना सांगावे लागते. स्नेहसंमेलनासाठी मुलांना न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांचा 'हाका' हा समूहनृत्याचा प्रकार फार आवडतो, कारण रग्बीच्या सामन्यांपूर्वीचा हाका त्यांनी मोबाईलवर पाहिलेला असतो. एका वर्षी मुलांनी चेहरे रंगवून तो करण्याची परवानगी मागितली. मी आधी त्याची माहिती आणायला सांगितली. न्यूझीलंड सरकारच्या 'ते आरा' या ज्ञानकोशात ती सविस्तर मिळते. 'का माते' हा हाका नगाती तोआ या माओरी जमातीचा सरदार ते राउपाराहा याने १८२० च्या सुमारास रचला. शत्रू पाठलागावर असताना तो रताळी साठवण्याच्या खड्ड्यात लपून वाचला, आणि बाहेर येऊन त्याने मरण व जीवन यांविषयीचे ते शब्द उच्चारले, अशी हकीकत आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, ज्या मुलांनी पाहिली आहेत, त्यांना रताळ्याचे पेव आणि त्यात श्वास रोखून बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणायला काहीच वेळ लागला नाही. न्यूझीलंडच्या संसदेने २०१४ मध्ये कायदा करून या हाकाचा व्यावसायिक उपयोग करताना रचनाकाराचा आणि जमातीचा उल्लेख बंधनकारक केला, हेही त्यांनीच शोधून आणले. चेहऱ्यावरील माओरी गोंदण हे त्या व्यक्तीच्या वंशाचे आणि मानाचे चिन्ह असते, हे वाचल्यावर चेहरे रंगवण्याचा विचार मुलांनी स्वतःहून सोडला. शेवटी त्यांनी हाका केला नाही, त्याची गोष्ट सांगितली, अधिकृत ध्वनिचित्रफीत दाखवली आणि रचनाकाराचे नाव मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिले. तो प्रयोग पालकांनाही भावला. वेषभूषा स्पर्धेच्या धर्तीवर परक्या समाजाचा पोशाख चढवून त्याची नक्कल करणे मी आता पूर्णपणे बंद केले आहे, आणि आपणही करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जिवंत माणसाशी बोलणे हे या सगळ्याहून मोठे साधन आहे, आणि त्यासाठी एक मोबाईल व एक स्पीकर पुरतो. आपल्या राज्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दूरदेशीच्या वर्गांशी व्हिडिओ कॉलवरून मुलांची गाठ घालून देणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता, त्यामुळे हे लहान गावात होत नाही असे म्हणण्यास जागा नाही. पहिला कॉल मात्र परदेशी करू नये. आमच्या भागातील अनेक कुटुंबे सोन्याच्या गलाईच्या, म्हणजे सोने वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त केरळ, तमिळनाडू आणि इतर राज्यांत राहतात. मी मुलांना आधी तेथील नातेवाइकांशी बोलायला लावतो. कोचीत राहणाऱ्या मामाला 'तिकडची संस्कृती कशी आहे' असे विचारले तर 'छान आहे' एवढेच उत्तर येते. 'पहिल्या वर्षी कोणता शब्द आधी शिकलात', 'शेजारी पहिल्यांदा घरी कधी जेवायला आले' असे विचारले की अर्धा तास कसा जातो कळत नाही. प्रश्न विचारण्याची ही तालीम झाल्याशिवाय परक्या माणसाचा वेळ घेणे योग्य नाही.

परदेशाकडे वळताना मॉरिशस ही मराठी शाळांसाठी सर्वांत जवळची वाट आहे. १८३४ पासून करारावर गेलेल्या भारतीय मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट, जेथे ही माणसे उतरली, तो २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, म्हणजे आपल्याकडील सकाळचे अकरा हे तेथील साडेनऊ, आणि दोन्ही शाळा चालू असतात. न्यूझीलंडबाबत हे जमत नाही, तेथे आपल्या अकरा वाजता संध्याकाळ झालेली असते. कॉल नेहमी शाळेच्या खात्यावरून, मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने आणि शिक्षकांच्या उपस्थितीत करावा. मुलांचे फोन क्रमांक कोणालाही देऊ नयेत आणि पालकांनी संमती दिल्याशिवाय काहीही ध्वनिमुद्रित करू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चॅटबॉटविषयी आपण विचारलेले नाही, पण मुले ते वापरणारच आहेत. माझा नियम असा आहे की त्याच्याकडून शोधशब्द घ्यावेत, उत्तर घेऊ नये. 'बेनिनच्या फलकांविषयी कोणत्या इंग्रजी शब्दांनी शोधू' हा प्रश्न चालतो. 'बेनिनच्या फलकांवर दहा ओळी लिहून दे' हा चालत नाही, कारण त्या दहा ओळींत खरे आणि रचलेले यांची सरमिसळ झालेली असू शकते आणि वाचणाऱ्याला ती ओळखता येत नाही. यंत्राने तयार केलेली चित्रे तर या प्रकल्पात पूर्णपणे वर्ज्य असावीत. खऱ्या समाजाबद्दल बोलताना अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा चेहरा दाखवणे ही खोटी साक्ष आहे. शंका आली तर शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्रात टाकून ते मूळ कोठून आले हे पाहण्याची रीत मुलांना एकदा प्रोजेक्टरवर करून दाखवावी.

आता बावन्न मुले आणि नऊ संगणक यांचा मेळ. चौघांचे तेरा गट करा. एका तासिकेला सात गट संगणकावर बसतील आणि दोन संगणक राखीव राहतील. उरलेले सहा गट त्याच वेळी कागदावर काम करतील, आणि पुढच्या तासिकेला अदलाबदल करावी. कागदावरचे काम दुय्यम समजू नका. संग्रहालयाच्या नोंदीत वस्तूची लांबी-रुंदी दिलेली असते. त्या मापाने वस्तूची बाह्यरेषा खडूने जमिनीवर काढायला सांगा. पडद्यावर प्रचंड वाटणारा फलक प्रत्यक्षात हातभर उंचीचा असतो आणि चिमुकली वाटणारी मूर्ती कधी माणसाहून उंच निघते, हे त्यांना खडूच हाती घेतल्यावर समजते. चौघांपैकी प्रत्येकाकडे एकच काम आठवडाभर राहू देऊ नका, नाही तर ज्याच्या घरी संगणक आहे तोच कायम माऊस धरून बसतो.

इंटरनेटच्या बाबतीत मी कधीच तासाच्या वेळी नशिबावर विसंबत नाही. 'किविक्स' नावाच्या मोफत प्रणालीतून संपूर्ण मराठी विकिपीडिया आधी उतरवून ठेवता येतो आणि मग इंटरनेटशिवाय वाचता येतो. तेरा वस्तूंची मोठी छायाचित्रे, त्यांच्या नोंदींची पाने आणि चित्रफिती मी घरून पेनड्राइव्हवर आणतो आणि प्रत्येक संगणकावर गटाच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये टाकतो. इंटरनेट चालले तर मुले पुढे शोधतात, नाही चालले तरी तास बुडत नाही.

सादरीकरणासाठी मी गटाला फक्त चार स्लाइड देतो आणि त्यांवर परिच्छेद लिहिण्यास मनाई करतो. पहिलीवर संपूर्ण वस्तू, दुसरीवर तिचा एक मोठा केलेला भाग, तिसरीवर ती कोठून कोठे गेली याचा नकाशा, आणि चौथीवर 'आम्हाला न सापडलेले' असे शीर्षक. 'धन्यवाद' तोंडाने म्हणावे, त्यासाठी स्लाइड खर्च करू नये. नकाशासाठी गूगल अर्थ चालेल, आणि इंटरनेट बरे असेल तर स्टोरीमॅप-जेएस या मोफत साधनात ठिकाणागणिक चित्र व मजकूर जोडता येतो. पण छापील जागतिक नकाशाचे छायाचित्र काढून त्यावर बाण काढले तरी मला पूर्ण समाधान असते. प्रत्येक चित्राखाली ते कोणत्या संग्रहातून घेतले हे लिहिलेच पाहिजे. बोलताना मुलाने वर्गाकडे पाहावे, यासाठी मी एक साधी गोष्ट करतो. संगणक चालवणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा ठेवतो, आणि बोलणाऱ्याला पडद्याच्या पुढे दोन पावले उभे करतो, जेणेकरून वाचायला मागे वळावे लागेल. आदल्या दिवशी मोबाईलवर आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकायला लावतो. लाजणाऱ्या मुलांना याचा सर्वाधिक लाभ होतो, आणि एखादे मूल उभे राहून बोलूच शकत नसेल तर ते ध्वनिमुद्रण लावूनच त्याचे सादरीकरण मी ग्राह्य धरतो.

गुण देताना स्लाइडच्या देखणेपणाला मी दहांपैकी एकच गुण ठेवतो. प्रत्येक मुलाला एक वाक्य निवडून एवढेच विचारतो: हे तुला कोणी सांगितले, आणि ते त्यांना कसे माहीत? 'गूगलने सांगितले' या उत्तराला गुण नाहीत. 'लंडनच्या संग्रहालयाच्या नोंदीत आहे, पण बेनिनचे लोक त्याबद्दल वेगळे सांगतात' या उत्तराला पूर्ण गुण. चौथ्या स्लाइडवर प्रामाणिकपणे लिहिलेल्या प्रत्येक प्रश्नालाही गुण द्यावेत, म्हणजे मुले पोकळी झाकण्यासाठी काहीतरी रचत नाहीत.

या सगळ्याला आमच्याकडे साधारण बारा तासिका लागतात: दोन वाघनखांच्या नोंदीला, पाच शोधाला, एक नातेवाइकांशी कॉलला आणि चार सादरीकरणाला. परदेशातील कॉल जमला तर तो यांखेरीज समजावा. तेरा वस्तू मात्र आपणच आधी निवडा आणि त्यांत आशिया, आफ्रिका, युरोप, दोन्ही अमेरिका आणि ओशनिया यांपैकी प्रत्येकातील निदान दोन वस्तू येतील असे पाहा. मुलांवर सोडले तर पहिल्याच दिवशी आयफेल टॉवर तीन गट मागतात. निवडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद, मोठे छायाचित्र आणि त्या समाजातील माणसाचा आवाज असलेली किमान एक चित्रफीत या तिन्ही गोष्टी मिळत असतील तरच ती यादीत ठेवा. अशी यादी करण्यास मला दोन रविवार लागले होते, आणि तीच यादी किरकोळ बदल करून मी अजूनही वापरतो.